मोहल्ला समिती कशी उभी करायची आणि चालती कशी ठेवायची

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले: 575 मुस्लिम, 275 हिंदू, 45 ओळख न पटलेले आणि 5 इतर. त्याच दिवसांत शेजारची भिवंडी शांत राहिली. यंत्रमागांचं, दाटीवाटीचं, हिंदू-मुस्लिम वस्त्या एकमेकींना खेटून असलेलं हे शहर. 1970 आणि 1984 अशा दोन मोठ्या दंगली तिथे होऊन गेल्या होत्या, त्यामुळे मुंबई पेटल्यावर भिवंडी पेटणारच असं सगळे धरून चालले होते. तसं झालं नाही याचं मोठं श्रेय 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे बांधलेल्या मोहल्ला समित्यांना जातं. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागात रोज फिरणारे पोलीस असे एकत्र बसत, आणि अशा सत्तरच्या आसपास समित्या शहरभर होत्या. पुढे 1994 मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला समित्यांचं काम सुरू झालं.

पण 2006 मध्ये याच भिवंडीत कबरस्तानाजवळ पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला, गोळीबारात माणसं मेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. एकदा बांधलेली समिती आपोआप टिकत नाही, आणि तणाव प्रत्येक वेळी हिंदू-मुस्लिम असाच येतो असंही नाही. म्हणून हा लेख समिती स्थापन करण्याबद्दल जितका आहे तितकाच ती चालती ठेवण्याबद्दल आहे.

सणाच्या आदल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा-बिस्किटं होतात, तेच चार पुढारी भाषणं करतात, फोटो निघतो. त्या बैठकीवर आमचा राग नाही, पण तिच्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. दगड पडायला लागतो तेव्हा त्या पुढाऱ्यांचा फोन लागला तरी गल्लीतली पोरं त्यांचं ऐकत नाहीत. ऐकतात ती रोज भेटणाऱ्या माणसाचं. समितीचं खरं काम होतं ते काहीच घडत नसलेल्या दिवसांत.

दंगल "अचानक" भडकत नाही

बातमीत नेहमी "अचानक" हा शब्द असतो. मागे जाऊन पाहिलं की चार गोष्टी सापडतात. जुना सल असतो: जागेचा वाद, एखादी जुनी केस, धंद्यातली चढाओढ. मग निमित्त मिळतं. जानेवारी 2013 मध्ये धुळ्यात ते एका हॉटेलच्या बिलावरचं भांडण होतं. त्यातून दोन जमाव समोरासमोर आले आणि पोलीस गोळीबारात सहा जण मेले. तिसरी गोष्ट अफवा. चौथी म्हणजे जमाव आणणारे हात: दगड पुरवणारे, बाहेरून पोरं आणणारे, ज्यांना या सगळ्यातून काही मिळवायचं असतं.

जुना सल आणि राजकारण मोहल्ला समितीच्या हातात नसतं. समिती तीन गोष्टी करू शकते. दोघांचं भांडण दोघांचंच ठेवू शकते, अफवेचं आयुष्य कमी करू शकते, आणि बाहेरून आलेल्या हातांना आपल्या गल्लीतून माणसं मिळू देत नाही. ही तीन कामं नीट झाली तर निमित्त वाया जातं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या दंगलींचा अभ्यास केला. त्यात बहुतेक मृत्यू शहरांत, आणि त्यातही मोजक्याच शहरांत झाल्याचं दिसलं. शहर मोठं असेल तर नुसता शेजारधर्म पुरत नाही, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण असूनही गल्ल्या पेटतात. जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, धंद्यात किंवा युनियनमध्ये बांधलेली असतात, तिथे ताण पेलला जातो. समिती म्हणजे असा बांधलेला संबंध जिथे नाही तिथे तो तयार करणं.

हद्द ठरवा आणि नकाशा काढा

एका समितीकडे 300 ते 500 घरं पुरे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला 10-15 मिनिटांत चालत जाता आलं पाहिजे.

हद्द आखताना एक चूक फार जण करतात. दोन वस्त्यांमधला रस्ता किंवा नाला ही सीमा धरतात, मग इकडची समिती एकाच समाजाची होते आणि तिकडची दुसऱ्या. तो रस्ता हद्दीच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. दगडफेक होते ती याच रस्त्यावर, त्यामुळे तिथल्या दोन्ही बाजूंची दुकानं आणि घरं एकाच समितीत हवीत.

मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढा. त्यात प्रार्थनास्थळं, मिरवणुकीचे मार्ग, शाळा आणि त्या सुटायच्या वेळा, दवाखाने, कुणाच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे, कुठले दिवे बंद आहेत हे सगळं घ्या. बांधकामाच्या जागा मुद्दाम लाल पेनाने दाखवा. रस्त्याकडेला पडलेला विटा-खडीचा ढीग हा तणावाच्या दिवशी तयार दारूगोळा असतो. सणाच्या 10 दिवस आधी तो उचलून घ्यायला मालकाला सांगणं आणि न ऐकल्यास नगरपालिकेत लेखी अर्ज देणं, हे समितीचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचं काम आहे. गच्च्याही पाहा. गच्चीवर दगड, रिकाम्या बाटल्या साठलेल्या दिसल्या तर त्या घरातल्या बाईशी समितीतल्या बाईने बोलावं. बहुतेकदा घरच्यांना पत्ताही नसतो.

माणसं कोण

16 ते 20 सदस्य, दोन्ही समाजांचे साधारण निम्मे-निम्मे. वस्तीत दलित, ख्रिस्ती, परप्रांतीय कामगार असतील तर त्यांचीही माणसं. किमान एक तृतीयांश बायका, आणि त्या नावापुरत्या नकोत. 15 ते 20 वर्षांच्या पोराला ऐनवेळी घरात ओढून नेण्याची ताकद आई, मावशी, आजी यांच्याकडे असते, पुढाऱ्याकडे नसते.

माणूस निवडताना तीन प्रश्न विचारा. तो दिवसभर इथेच असतो का? दुसऱ्या समाजातली पाच माणसं त्याला नावाने ओळखतात का? रात्री दोनला त्याने दार वाजवलं तर लोक उघडतील का? या कसोटीवर चहावाला, रिक्षा स्टँडवरचा जुना चालक, मेडिकलवाला, अंगणवाडी सेविका, आशाताई, कारखान्यातला मुकादम, मंडळाचा कार्यकर्ता, मशिदीचा ट्रस्टी अशी माणसं पुढे येतात. पोरांमध्ये वट असलेले दोन-तीन तरुण घ्याच, थोडे टगे असले तरी चालतील.

कोण नको, तेही आधीच ठरवा: पक्षाचे पदाधिकारी, दंगलीचे गुन्हे असलेले, आणि वस्तीतल्या जागांवर डोळा असलेले दलाल. खबरी तर मुळीच नको. समिती म्हणजे पोलिसांची खबर काढणारी टोळी असा समज एकदा झाला की ती संपली. म्हणून पहिल्याच बैठकीत मोठ्याने सांगा की समिती लोकांच्या खाजगी गोष्टी ठाण्यात पोचवणार नाही, पण हत्यारं, दगडांचा साठा, हल्ल्याची तयारी दिसली तर लगेच कळवेल.

पोलिसांकडून बीट अंमलदार हवाच. साहेब येतात आणि बदलून जातात, पण गल्लीत पायी फिरतो तो बीट अंमलदार. वरिष्ठ निरीक्षकांनी तीन महिन्यांतून एकदा यावं, तेवढं पुरे. खेड्यात वेगळी समिती काढण्याआधी 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेत नेमलेली समिती अजून जिवंत आहे का ते पाहा, आणि असेल तर तिलाच माणसं जोडा.

बैठक

महिन्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ. शुक्रवारची दुपार आणि रमजानमधली संध्याकाळ टाळा. जागा म्हणून पालिकेच्या शाळेचा वर्ग उत्तम. देऊळ, मशीद, पक्षाचं कार्यालय नको, आणि पोलीस ठाणंही नको.

एक तासाची बैठक. पहिली 30 मिनिटं पाणी, गटार, कचरा, दिवे. हे ऐकून काहींना वाटतं की दंगलीच्या समितीत गटाराचं काय काम. पण माणसं गटारासाठी येतात, गटारासाठी एकत्र अर्ज देतात, एकत्र पालिकेत जातात, आणि तिथे एकमेकांचे फोन नंबर घेतले जातात. ऐनवेळी तेच नंबर वापरायचे असतात. पुढची 20 मिनिटं गेल्या महिन्यातली भांडणं, शेवटची 10 पुढच्या महिन्यातले सण, मोर्चे, सभा.

एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, हजर कोण, तक्रार, कुणी काय करायचं, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीची सुरुवात हे रकाने वाचूनच करा. सलग तीन बैठकांना न आलेल्या सदस्याच्या जागी दुसरा घ्या.

किरकोळ भांडणं

गाडी लावण्यावरून, नळावरून, मुलांच्या क्रिकेटवरून भांडण झालं आणि दोन बाजू दोन समाजांच्या असल्या तर 24 तासांच्या आत समितीतले दोघे, दोन्ही समाजांतला एकेक, दोन्ही घरी जातात. आधी मोठ्या माणसांशी बोलायचं. भांडणात पडलेल्या पोरांना लगेच समोरासमोर आणू नका. रक्त आलं असेल तर आधी दवाखाना, मग बोलणी.

काय मिटवायचं नाही याची रेषा पक्की हवी. बायकांवरचे अत्याचार, ॲट्रॉसिटीच्या तक्रारी, गंभीर मारहाण ही सगळी पोलिसांची आणि कोर्टाची कामं आहेत. तिथे "समजूत काढणं" म्हणजे पीडिताला गप्प करणं होतं आणि त्याचा राग पुढे उसळतो. दोन सज्ञान माणसांचं आंतरधर्मीय लग्न हा समितीचा विषयच नाही. त्यांच्या जिवाला धोका असेल तर पोलिसांना कळवणं एवढंच तिचं काम. दंड लावायचा नाही, आणि कुणाला वाळीत टाकायला तर महाराष्ट्रात 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे.

अफवा

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. तिथे धर्माचा वाद नव्हता, फक्त मोबाइलवर फिरणारी भीती होती. तीच भीती धर्माच्या वादात आली की किती वेगाने पसरत असेल याचा अंदाज यावा.

अफवेशी लढताना वेळ मोजा. पहिल्या 15-20 मिनिटांत खरी माहिती आली नाही तर नंतर आलेली कुणी ऐकत नाही. म्हणून क्रम ठरलेला असावा.

अफवा कानावर आली की पुढे पाठवायची नाही, "खरं आहे का?" असं विचारूनसुद्धा नाही. ज्याने सांगितलं त्याला विचारायचं: तू स्वतः पाहिलंस का, कुठे, किती वाजता? दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं, "मला दुसऱ्याने सांगितलं." मग घटनेच्या जागेजवळच्या सदस्याला फोन करा. तो प्रत्यक्ष जातो, पाहतो आणि तिथूनच बोलतो. त्याच वेळी दुसरा सदस्य बीट अंमलदाराला किंवा 112 ला फोन करतो.

खरी माहिती पाठवताना ओळखीच्या माणसाचा आवाजातला संदेश सर्वांत चालतो. तो असा असावा: "मी मेडिकलवाला बोलतोय. आत्ता 4 वाजून 20 मिनिटं झालीत, मी चौकात उभा आहे. रिक्षा आणि मोटारसायकलची धडक झाली. मुलाच्या हाताला लागलंय, सरकारी दवाखान्यात नेलंय, शुद्धीवर आहे, घरच्यांशी बोललाय. चौकात येऊ नका, ॲम्ब्युलन्सला वाट हवी आहे." यात नाव, वेळ आणि जागा आहे, काय करू नये तेही आहे. मुलाचा धर्म नाही. "मुलगा मेला ही अफवा खोटी आहे" असं मुद्दाम म्हटलेलं नाही, कारण गर्दीत अर्धवट ऐकणाऱ्याला "मुलगा मेला" एवढंच ऐकू जातं. दोन्ही समाजांतल्या दोघांनी असे वेगवेगळे संदेश आपापल्या ग्रुपवर टाकावेत. मोठी गडबड असेल तर मशिदीच्या आणि मंडळाच्या भोंग्यावरून एकाच वेळी तेच शब्द सांगावेत.

व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन समितीशी जोडून ठेवा. तणावात ग्रुप "फक्त ॲडमिन पाठवू शकतील" यावर टाकायचा, 12 तासांसाठी. दुहेरी बाणाचं चिन्ह असलेला संदेश अनेक हातांतून आलेला असतो, तो घटनेचा साक्षीदार पाठवत नसतो. जुने व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतात. त्यातल्या दुकानांच्या पाट्यांची भाषा, गाड्यांचे नंबर, पोलिसांचा गणवेश पाहिला तर बरेच तिथेच पकडले जातात. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर तो आधी कुठे आला होता ते बहुधा कळतं.

स्टेटसचं प्रकरण

गेल्या काही वर्षांत बराच तणाव एखाद्या पोराच्या स्टेटसमधून सुरू होतो. जून 2023 मध्ये कोल्हापुरात हेच झालं: स्टेटस, त्यावरून बंदची हाक, मग जमाव आणि दगडफेक.

स्टेटस दिसलं की आधी स्क्रीनशॉट घ्या, ज्यात नंबर आणि वेळ दिसते. तो फक्त पोलिसांकडे जातो, कुठल्याही ग्रुपवर नाही. स्क्रीनशॉट फिरवणारा मूळ स्टेटसपेक्षा शंभरपट लोकांपर्यंत ते पोचवत असतो, हे मंडळांतल्या पोरांना शांत दिवसांत पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मग त्या मुलाच्याच समाजातला सदस्य त्याच्या घरी जाऊन ते काढायला लावतो. खातं हॅक झालं किंवा दुसऱ्यानेच नावाने टाकलं, अशीही शक्यता असते. तक्रार द्यायला जास्तीत जास्त पाच जण जातील. धार्मिक तेढ वाढवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आणि धार्मिक भावना दुखावण्याबद्दल 299 आहे. ठाण्यासमोर हजार माणसं जमल्याने कलम बदलत नाही. मुलाच्या घराबाहेर मात्र त्या रात्री दोन्ही समाजांचे सदस्य बसलेच पाहिजेत. घरावर हल्ला झाला की एकाच्या चुकीची शिक्षा अख्ख्या गल्लीला होते.

मिरवणूक

1970 ची भिवंडीची दंगल शिवजयंतीच्या मिरवणुकीतून सुरू झाली. भिवंडी पेटल्यावर जळगावही पेटलं, आणि महाडलाही हिंसा झाली. तिन्ही ठिकाणांची चौकशी न्यायमूर्ती मादोन आयोगाने केली. मिरवणूक कुठल्याही धर्माची असो, धोका तीन ठिकाणी असतो: प्रार्थनास्थळासमोरचा थांबा, अरुंद वळण, आणि शेपटी. पुढे ढोल-ताशा, मंडळाचे जबाबदार लोक असतात. मागची पोरं कुणाच्या ताब्यात नसतात, आणि बाहेरचे लोकही तिथेच मिसळतात. पोलीस बंदोबस्तही बहुधा पुढे एकवटतो. म्हणून समितीचे निम्मे स्वयंसेवक शेपटीला ठेवा.

सहा आठवडे आधी मार्ग मिनिटांसह लिहून काढा. नमाजच्या वेळी मिरवणूक मशिदीसमोर येणार असेल तर वेळ 20 मिनिटं पुढे-मागे करा. "प्रार्थनास्थळासमोर थांबायचं नाही, वाजवायचं नाही" यावर मंडळाच्या अध्यक्षाची सही घ्या. गाण्यांची यादी आधी ऐका, कारण डीजेवरचं एक चिथावणीचं गाणं महिन्यांची मेहनत घालवतं. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद, सरकारने सूट दिलेले दिवस सोडून. प्रार्थनास्थळाच्या दारात आतल्या समाजाचे आणि मिरवणुकीच्या समाजाचे सदस्य एकत्र उभे राहतील. गुलाल उडू नये म्हणून दर्शनी भागाला आधीच कापड लावलं तर भांडणाचं एक कारण कमी होतं.

बोलणी लवकर झाली की मोठे प्रश्नही सुटतात. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारनेही सुट्टी 29 ला दिली. पुढल्या वर्षी तुमच्या गावात असं होणार आहे का, ते आजच पंचांग आणि चंद्रदर्शनाचा अंदाज जुळवून पाहा.

दगड पडलाच, तर पहिला तास

पोलिसांना कळवा: जागा, अंदाजे संख्या, हातात काय आहे, जखमी किती. बायका आपापल्या गल्लीतल्या पोरांना आत घेतात. शाळा सुटायची वेळ असेल तर मुख्याध्यापकांना फोन करून मुलं आतच ठेवायला सांगा. समितीचे लोक जोडीने, दोन्ही समाजांचा एकेक असे, आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात आणि आपल्याच लोकांना मागे ढकलतात. समोरच्या जमावाला समजवायला जाऊ नका. तुमचं ऐकणारी माणसं तुमच्या पाठीशी आहेत, समोर नाहीत. हत्यारं दिसली, जाळपोळ सुरू झाली किंवा पोलिसांनी जमाव पांगवायला सुरुवात केली की सदस्यांनी आत जायचं.

दुसऱ्या समाजाची जी मोजकी घरं तुमच्या गल्लीत आहेत तिथे आधी जा. जळतात ती बहुधा अशीच एकटी घरं. त्यांना कुणाच्या घरी हलवायचं हे आधीच ठरलेलं असावं, आणि ते फक्त तीन-चार सदस्यांनाच माहीत असावं.

संचारबंदी आणि त्यानंतर

पूर्वी ज्याला 144 म्हणत ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. जमावबंदी (एकत्र जमायला बंदी) आणि संचारबंदी (घराबाहेर पडायलाच बंदी) यांतला फरक लोकांना सांगा, कारण न कळून बाहेर पडलेली माणसं लाठी खातात. दूध, औषधं, डायलिसिसचे आणि बाळंतपणाचे रुग्ण, परीक्षेची मुलं यांची यादी करून पास मिळवा. यादी दोन्ही समाजांची एकच असू द्या.

नुकसान झालेल्यांनी साफसफाईआधी फोटो काढावेत, पंचनाम्याची प्रत मागावी, दुकानाच्या विम्यात दंगलीचं संरक्षण आहे का ते पाहून विमा कंपनीला लगेच लेखी कळवावं. गुन्हा नोंदवायला आपलंच ठाणं हवं असं नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. अटकसत्रात निरपराध पोरं उचलली गेली तर कॅमेऱ्याचं चित्रण आणि हजेरीचे पुरावे जमवून वकिलामार्फत द्या. खरे गुन्हेगार मात्र "आपले" म्हणून लपवू नका. मिटलेल्या दंगलीत शिक्षा झाली नाही तर पुढच्या दंगलीला तीच माणसं येतात.

कुठे बिघडतं

निवडणुकीच्या वर्षी सदस्यच उमेदवार होतात. अर्ज भरला त्या दिवशी राजीनामा, असा नियम सुरुवातीलाच लिहा. बीट अंमलदाराची बदली झाली की दोन-तीन महिने दुवा तुटतो, म्हणून जुन्याने नव्याला घेऊन एक बैठक करावी, असा लेखी अर्ज बदलीची कुणकुण लागताच निरीक्षकांना द्या. समिती पोलिसांची बाजू घेते असं वाटू लागलं तर पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही त्याच नोंदवहीत, त्याच बैठकीत, अंमलदारासमोर वाचा. त्याला ते झोंबेल, पण 2006 सारखा वाद आधी कानावर यायचा तर तेच दार उघडं लागतं. आणि तीन-चार वर्षं शांततेत गेली की लोक म्हणतात, आता समितीची गरज काय. त्या वर्षी बैठका बंद करू नका, नवीन पोरं आत घ्या. पहिल्या वर्षी पंधरा वर्षांची होती ती आता एकोणीसची आहेत, आणि स्टेटस टाकणारी, ढोल वाजवणारी, मिरवणुकीच्या शेपटीला चालणारी तीच आहेत.